म्हातारपणी झोप उडाली, विसर पडू लागला: घरच्यांनी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

‘आजोबांना रात्रभर झोप नाही, आणि हल्ली काही लक्षातही राहत नाही.’ खेड्यातल्या घरांतून ही तक्रार बहुतेक वेळा जोडीनेच येते. पुढे काय होतं तेही ठरलेलं असतं. कुणीतरी औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी आणतं आणि चार दिवस बरे जातात. मग आजोबा सकाळभर पेंगतात, बोलताना अडखळतात, रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडतात. घर म्हणतं, वय झालं. वर्ष-दीड वर्षाने मोठ्या दवाखान्यात नेलं की डॉक्टर विचारतात: कधीपासून? किती तास झोपतात? कोणकोणती औषधं चालू आहेत? तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

यात गोळी पहिली आली आणि चौकशी शेवटी. खाली जो क्रम दिला आहे तो नेमका उलटा आहे. त्यातला एखादा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका, कारण पुढचा टप्पा त्याच्यावरच उभा असतो. पूर्ण व्हायला साधारण महिना-दीड महिना लागतो. अपवाद फक्त पहिल्या टप्प्याचा. तो आजच करायचा आहे.

## आधीची तयारी

एक वही, पेन, आकडे ठळक दिसणारं घड्याळ, व्हिडिओ घेता येईल असा मोबाईल, लघवी मोजायला खुणा असलेलं भांडं आणि एक रिकामी पिशवी. एवढंच सामान पुरतं.

सामानापेक्षा माणूस ठरवणं महत्त्वाचं. नोंद ठेवणारी व्यक्ती एकच असावी आणि ती रात्री त्याच घरात झोपणारी असावी. शहरातून फोनवर विचारपूस करणाऱ्या मुलाने हे काम अंगावर घेऊ नये. त्याच्यासाठी आठव्या टप्प्यात काम आहे.

आजी-आजोबांना आधी सांगा. ‘तुमची झोप नीट व्हावी म्हणून दोन आठवडे लिहून ठेवतोय’ एवढं पुरे. लपूनछपून नोंदी ठेवल्या आणि त्या त्यांना सापडल्या, तर पुढे ते काहीच खरं सांगत नाहीत.

## टप्पा १: अचानक झालं की हळूहळू?

काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत माणूस बदलला असेल, तर तो विसरभोळेपणाही नाही आणि निद्रानाशही नाही. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. दिवस-रात्रीचं भान उलटतं, माणूस बरळतो, नसलेल्या वस्तू दिसतात, घटकाभर बरा वाटतो आणि पुन्हा हरवतो. त्यामागे बहुतेक वेळा शरीराचं काहीतरी बिघडलेलं असतं: लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, साखर खूप खाली किंवा वर जाणं, लघवी तुंबणं, कित्येक दिवस शौचाला न होणं, नवं औषध सुरू होणं किंवा जुनं एकदम बंद होणं. म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येईलच असं नाही, त्यामुळे ‘अंग तर गार आहे’ यावर विसंबू नका.

घरी करायची तपासणी: आठवड्याचे वार रविवारपासून उलटे म्हणायला सांगा. नेहमी वार बिनचूक सांगणारा माणूस दोन-तीन वारांतच भरकटू लागला, तर त्याचं लक्ष टिकत नाहीये. डेलिरियमची ही मोठी खूण आहे.

सावध: डेलिरियमचा एक प्रकार गप्प असतो. माणूस आरडाओरडा करत नाही, फक्त सुस्त पडून राहतो आणि कमी खातो. ‘आता छान झोप लागतेय’ म्हणून घर खूश होतं, आणि नेमका हाच प्रकार नजरेतून सुटतो.

आणखी तीन गोष्टी खेड्यात हमखास विचारायच्या. गेल्या महिना-दीड महिन्यात डोक्याला मार लागला होता का? मेंदूवर हळूहळू रक्त साचायला आठवडे लागू शकतात, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ही शक्यता वाढते. दारं-खिडक्या बंद करून खोलीत कोळसा किंवा लाकूड पेटवलं जातं का? कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकेदुखी, मळमळ आणि गोंधळ सकाळी खोलीबाहेर आल्यावर कमी होत असेल तर संशय धुरावर घ्या. आणि पिकावर मारायची औषधं झोपायच्या खोलीत ठेवलेली आहेत का, किंवा नुकतीच फवारणी झाली का? घाम, लाळ, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या आणि गोंधळ हे सगळं एकत्र दिसलं तर तो विषबाधेचा प्रकार असू शकतो.

यातलं काहीही जुळलं तर वही मिटा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. बदल महिनोन्महिने हळूहळू झाला असेल तरच पुढे वाचा.

## टप्पा २: चौदा दिवसांची वही

सगळ्यात जास्त घाई याच टप्प्यावर होते, म्हणून इथे जरा थांबू.

रोज सकाळी, उजाडल्यानंतर, सात गोष्टी लिहायच्या:

1. अंथरुणावर किती वाजता पडले.
2. झोप अंदाजे किती वाजता लागली.
3. रात्री किती वेळा जाग आली, आणि प्रत्येक वेळी कशामुळे.
4. एकूण किती वेळ जागे होते.
5. शेवटची जाग किती वाजता.
6. अंथरूण किती वाजता सोडलं.
7. आदल्या दिवशी दिवसा कधी आणि किती वेळ झोपले. बसल्या जागी लागलेली डुलकीसुद्धा लिहायची.

समासात चहा-कॉफी, तंबाखू, दारू आणि गोळ्या यांच्या वेळा टिपा.

चूक: रात्री घड्याळ बघून मिनिटं लिहिणं. त्याने जागरण वाढतं. घड्याळ पलंगावरून दिसणार नाही असं फिरवून ठेवा आणि सकाळी अंदाज लिहा. अंदाज चालतो.

चूक: ‘झोप लागली का?’ एवढाच प्रश्न. याचं उत्तर चौदाही दिवस ‘नाही’ येईल.

आता एक नमुना पाहू. आजोबा रात्री ८ ला आडवे झाले. ९ ला झोप लागली. १ ला जाग आली, २:३० पर्यंत कूस बदलत राहिले, मग ३:३० पर्यंत झोपले. त्यानंतर टक्क जागे, पण अंधार म्हणून ५:३० पर्यंत अंथरुणातच. त्यांचं म्हणणं, डोळ्याला डोळा नाही. वही काय म्हणते? रात्री चार अधिक एक, म्हणजे पाच तास झोप. अंथरुणात साडेनऊ तास. आणि दुपारी जेवणानंतर दोन तास. चोवीस तासांतली एकूण झोप सात तास.

पासष्टीच्या पुढच्या माणसाला साधारण ७ ते ८ तास झोप लागते. म्हणजे आजोबांची झोप हरवलेली नाही, ती विखुरलेली आहे. या दोन गोष्टींचे उपाय वेगळे आहेत, आणि वही नसती तर गोळी आली असती.

आणखी एक गैरसमज इथेच निपटू. वय वाढलं की शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं. दिवेलागणीनंतर लवकर झोप येते आणि पहाटे लवकर जाग येते. जो माणूस ८ ला झोपून ३ ला ताजातवाना उठतो, त्याला आजार नाही. घरच्यांनी त्याला पाच वाजेपर्यंत ‘झोपा हो अजून’ म्हणून डांबून ठेवू नये.

इथे तपासा: आठवड्यात ३ किंवा जास्त रात्री झोप बिघडते, असं ३ महिने चाललं आहे, झोपायला पुरेसा वेळ आणि निवांतपणा असूनही हे होतंय, आणि दिवसा त्याचा त्रास दिसतो: थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं. हे चारही जुळलं तर तो जुनाट निद्रानाश. चौदा दिवसांत उलटंच दिसलं, म्हणजे माणूस आधीपेक्षा खूप जास्त, ९-१० तास झोपू लागलाय आणि दिवसाही पेंगतोय, तर तेही वहीत ठळक लिहा. वाढलेली झोप ही ‘आराम’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही.

## टप्पा ३: औषधांची पिशवी रिकामी करा

वही चालू असतानाच एका दुपारी घरातली झाडून सगळी औषधं एका चादरीवर ओता. उशीखालच्या, खिशातल्या, पत्र्याच्या डब्यातल्या, शेजारच्यांनी ‘मला लागू पडली’ म्हणून दिलेल्या. खोकल्याची बाटली, सर्दीच्या गोळ्या, जडीबुटी, नाव नसलेल्या पुड्या, सगळं. मग चार ढीग करा.

पहिला ढीग: झोपेच्या आणि घाबरेपणाच्या गोळ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम, झोल्पिडेम ही नेहमी सापडणारी नावं. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेची बीअर्स यादी म्हणून एक प्रसिद्ध यादी आहे. वयस्करांना शक्यतो टाळावीत अशी औषधं तिच्यात दिलेली असतात, आणि हा गट त्या यादीत आहे. कारणं साधी आहेत: तोल जाणं, पडणं, हाड मोडणं, विसर आणि गोंधळ. म्हणजे ज्या विसराळूपणाची काळजी वाटते आहे, त्याचा काही भाग गोळीचाच असू शकतो.

सावध: म्हणून आज रात्रीपासून गोळी बंद करू नका. महिनोन्महिने घेतलेली ही औषधं एकदम थांबवली तर झोप पूर्णच उडते, हातपाय कापतात, भ्रम होतो, फिटसुद्धा येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने, आठवडे-महिने घेऊन कमी करतात.

दुसरा ढीग: कोरडं करणारी औषधं. सर्दी-खाजेची क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, हायड्रॉक्सिझिन, दुखण्यासाठी किंवा मन शांत करण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, लघवी आवरण्यासाठीची ऑक्सिब्युटिनिन, कंपासाठीची ट्रायहेक्सिफेनिडिल. मेंदूत आठवणीसाठी लागणारा ॲसिटिलकोलिन नावाचा रासायनिक निरोप्या ही औषधं अडवतात. तोंड सुकणं, बद्धकोष्ठता, लघवी अडकणं आणि डोकं धुरकट होणं एकत्र दिसलं तर याच ढिगाकडे पाहा. सर्दीची गोळी ‘साधी’ समजली जाते. ऐंशीच्या माणसासाठी ती साधी नाही.

तिसरा ढीग: औषध बरोबर, वेळ चूक. पाय सुजू नयेत म्हणून लघवी वाढवणारी गोळी सकाळी घ्यायची असताना रात्री घेतली जाते, आणि मग रात्रभर फेऱ्या. स्टेरॉइड संध्याकाळी घेतलं की डोळे उघडेच. दम्यासाठीची थिओफिलिन झोप उडवू शकते. स्मृतिभ्रंशासाठी (डिमेन्शियासाठी) दिलेल्या डोनेपेझिलने काहींना भीतिदायक स्वप्नं पडतात. तसं असेल तर डॉक्टर ती सकाळी हलवू शकतात. वेळ आपल्या मनाने बदलू नका, पण हा प्रश्न लिहून ठेवा.

चौथा ढीग: ओळख न पटणारं. नाव नसलेल्या पुड्या, लेबल निघालेल्या बाटल्या. टाकून देऊ नका, पिशवीत घाला आणि डॉक्टरांना दाखवा.

मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी ओमेप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बाजूला खूण करा. दोन्हींमुळे बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि बी-१२ कमी झालं की स्मरणशक्ती ढासळते.

## टप्पा ४: शरीर झोपू देतंय का?

वहीतल्या ‘जाग कशामुळे’ या रकान्यावर बोट ठेवा. जे कारण सर्वांत जास्त वेळा आलं, ते आधी.

लघवी. एक दिवस-रात्र सगळी लघवी मोजा. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्या हिशेबात धरायची. रात्रीचा वाटा एकूण लघवीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त निघाला, तर मूत्राशयापेक्षा पायांची सूज, हृदय, मूत्रपिंड, साखर किंवा घोरण्याचा आजार यांत कारण असण्याची शक्यता जास्त. पाय सुजत असतील तर दुपारनंतर तास-दोन तास ते उंचावर ठेवून आडवं व्हावं. साचलेलं पाणी झोपण्यापूर्वी निघून जातं. दिवसभर पाणी पुरेसं प्यायचं, झोपण्याआधीचे दोन-तीन तास आखडतं घ्यायचं. चूक: रात्री उठावं लागतं म्हणून दिवसभर पाणी तोडणं. यातूनच पहिल्या टप्प्यातलं डेलिरियम घरात येतं.

घोरणं. नुसत्या आवाजाने काही ठरत नाही. घोरता घोरता एकदम शांतता, मग हुंदक्यासारखा श्वास, असं होतं का? सकाळी डोकं दुखतं का, दिवसा बोलता बोलता झोप लागते का? रात्री मोबाईलवर पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या. चेहरा आणि छाती दोन्ही दिसायला हवी. हा झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया असू शकतो. यात मेंदूला रात्रभर प्राणवायू कमी-जास्त मिळत राहतो आणि लक्ष व स्मरण दोन्हीवर परिणाम होतो. ‘ते तर काडीसारखे आहेत, त्यांना कुठला हा आजार’ हा तर्क चुकीचा आहे. म्हातारपणी सडपातळ माणसांनाही तो होतो. आणि अशा माणसाला झोपेची गोळी दिली तर श्वास आणखी अडू शकतो.

पायांची तगमग. संध्याकाळनंतर, स्वस्थ पडलं की पायांत वळवळ, आणि चाललं की बरं. हे तिन्ही असेल तर शरीरातल्या लोहसाठ्याची, म्हणजे फेरिटिनची तपासणी मागा. पाय चेपत बसून हे जात नाही.

झोपेत हाणामारी. स्वप्न पाहताना ओरडणं, लाथा, ठोसे, पलंगावरून पडणं. बाधा वगैरे समजून वेळ घालवू नका. या प्रकाराचा पार्किन्सन (कंपवात) आणि लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराशी जवळचा संबंध आहे आणि कंप किंवा विसर दिसण्याच्या कित्येक वर्षं आधी तो सुरू होऊ शकतो. व्हिडिओ घ्या, पलंगाजवळची अवजारं, काठ्या, काच हलवा आणि मेंदूविकारतज्ज्ञांपर्यंत पोहोचा.

सांधेदुखी, खाज, खोकला, छातीत जळजळ: यांचा इलाज झाला की झोप पुष्कळदा आपोआप सुधारते. त्यावर वेगळं लिहायची गरज नाही.

## टप्पा ५: दिवस दुरुस्त करा

शेतात राबलेल्या माणसाला म्हातारपणी कामातून ‘सुट्टी’ दिली जाते. हेतू चांगलाच असतो. पण परिणाम असा की जो माणूस जन्मभर उन्हात होता, तो आता अंधाऱ्या खोलीत दिवसभर आडवा असतो. अंगात थकवा नाही, डोळ्यांना उजेड नाही, आणि रात्री मात्र झोप हवी. माझ्या मते खेड्यातल्या वृद्धांच्या झोपेचं हे सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी बोललं जाणारं कारण आहे.

उठल्यावर रोज ठरावीक वेळी अर्धा-पाऊण तास उघड्यावर. उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जागेवर राहतं. फार पहाटे जाग येणाऱ्यांना उतरत्या दुपारचा, संध्याकाळचा उजेड जास्त उपयोगी पडतो, कारण त्याने झोप थोडी उशिरा येऊ लागते. झेपेल असं काम हातात द्या: निवडणं-टिपणं, झाडांना पाणी, गुरांपाशी बसणं. काम खरं हवं. मन रमवायला दिलेला खोटा चाळा त्यांना लगेच कळतो.

दुपारची झोप बंद करू नका, बांधून घ्या: तीनच्या आत, जास्तीत जास्त अर्धा तास. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून शेवटचा कप दुपारी. तंबाखू उत्तेजक आहे, रात्री जाग आल्यावर ती तोंडात टाकली की झोप संपली. दारूने झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर ती तुटते. झोपेच्या गोळीसोबत दारू कधीही नाही.

## टप्पा ६: अंथरुणातला वेळ आटवा

हे उलटं वाटतं, म्हणूनच चुकतं. झोप कमी म्हणून लोक जास्त वेळ पडून राहतात आणि झोप आणखी पातळ होते. जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी वर्तनोपचार, म्हणजे सवयी बदलून करायचे उपचार द्यावेत, असं २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने सांगितलं. ही पद्धत त्या उपचाराचाच एक भाग आहे.

1. वहीतून रात्रीच्या झोपेची सरासरी काढा. आपल्या नमुन्यात ५ तास.
2. उठण्याची वेळ पक्की करा आणि रात्र कशीही गेली तरी ती पाळा. समजा पहाटे ५:३०.
3. अंथरुणातला वेळ दर आठवड्याला अर्ध्या तासाने कमी करा. साडेनऊवरून नऊ, मग साडेआठ. सहा तासांच्या खाली घरच्या घरी जाऊ नका.
4. कमी करायचा तो झोपायला जाण्याच्या बाजूने. आठऐवजी हळूहळू साडेनऊ-दहा.
5. अंदाजे वीस मिनिटं जाग राहिली तर उठून मंद उजेडात बसा. झोप आली की परत.
6. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्के वेळ झोप लागू लागली की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवा. वय जास्त असेल तर ८० टक्क्यांवर समाधान माना.

पहिला आठवडा वाईट जातो. तिसऱ्या दिवशी सोडून देणं हीच इथली नेहमीची चूक.

सावध: फिट येत असेल, उन्माद-नैराश्याचा आजार असेल, श्वास अडकण्याचा संशय असेल, किंवा माणूस वारंवार पडत असेल तर हा टप्पा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रात्री उठून बसणंच धोक्याचं असेल तर पाचवा नियम गाळा.

## टप्पा ७: विसर कसा तोलायचा

आधी कान आणि डोळे. जे ऐकूच आलं नाही ते आठवणार कसं? कानातला मळ काढून घ्या, मोतीबिंदू पाहून घ्या. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मोजले, त्यांत बहिरेपणा आणि उपचार न झालेली अधू दृष्टी दोन्ही आहेत. झोप त्या चौदांत नाही, हेही सांगायला हवं. पन्नाशी-साठीत सतत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत पुढे स्मृतिभ्रंश जास्त आढळला, असं ब्रिटनमधल्या व्हाइटहॉल-२ या दीर्घ पाहणीतून २०२१ मध्ये पुढे आलं. पण संबंध दोन्ही बाजूंनी आहे: मेंदूचा आजार सुरू होतानाही झोप मोडते. म्हणून ‘झोप सुधारली की आठवण परत येईल’ असं वचन आजोबांना देऊ नका.

आता तोलायचं कशाशी? त्यांच्या स्वतःच्या पाच वर्षांपूर्वीच्या वागण्याशी. शाळेत न गेलेल्या माणसाला वजाबाकी विचारणं, देशाचा कारभारी कोण म्हणून विचारणं, कागदावर घड्याळ काढायला लावणं यातून शिक्षण कळतं, मेंदू कळत नाही. त्याऐवजी हे पाहा:

- पैशांचा हिशेब, सुटे पैसे मोजणं आधीसारखं जमतं का?
- नेहमीच्या वाटेवर चुकले का?
- एकच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारतात का, आणि विचारल्याचं आठवत नाही असं होतं का?
- आयुष्यभर केलेल्या कामातल्या पायऱ्या चुकतात का? उदाहरणार्थ, दूध काढून झाल्यावर पुन्हा काढायला बसणं.
- शब्द सुचत नाहीत म्हणून बोलणंच कमी झालं का?

नाव विसरून थोड्या वेळाने आठवणं हे वयाचं. भेट झाली होती हेच पुसलं जाणं, हे नाही. प्रत्येक खुणेपुढे एक खरा प्रसंग आणि साधारण महिना लिहा.

चूक: चारचौघांत परीक्षा घेणं, रात्री जागरण झालेल्या सकाळी घेणं, आणि त्यांच्या आधी आपणच उत्तर देणं. सून किंवा नातू सगळं सांभाळून घेतात म्हणून विसर झाकला जातो, हेही लक्षात असू द्या.

आणि मन. पहाटे तीनला जाग, भूक नाही, कशात रस नाही, ‘मला आता न्यावं देवाने’ असं बोलणं: हे नैराश्य असू शकतं. म्हातारपणी ते विसराळूपणाच्या वेषात येतं आणि उपचाराने बरं होऊ शकतं. मरणाची भाषा वारंवार येत असेल तर पिकावरची विषारी औषधं आजच कुलुपात ठेवा आणि त्यांना एकटं सोडू नका.

## टप्पा ८: एका फेरीत दवाखान्याचं काम

दवाखाना लांब आहे, दिवस मोडतो, म्हणून एक फेरी पुरी व्हावी अशी तयारी हवी. एका पानावर लिहा: बदल कधी सुरू झाला, वहीतली झोपेची सरासरी, जाग येण्याची मुख्य कारणं, विसराचे तीन-चार खरे प्रसंग, पडल्याच्या तारखा, जुने आजार. सोबत औषधांची अख्खी पिशवी आणि मोबाईलमधले व्हिडिओ. नोंद ठेवणारी व्यक्ती बरोबर हवीच. शहरातल्या मुलाने वेळ ठरवावी, जुने कागद गोळा करावेत आणि फोनवर हजर राहावं.

डॉक्टरांशी आजोबांसमोर सगळं बोलता येत नाही. दोन मिनिटं वेगळी मागून घ्या.

विचारायच्या तपासण्या: रक्ताचं प्रमाण (हिमोग्लोबिन), साखर, बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच, सोडियम, कॅल्शियम, मूत्रपिंड आणि यकृत. पायांची तगमग असेल तर फेरिटिन. श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी; ती काही ठिकाणी छोटं यंत्र घरी नेऊनही करता येते. स्मरणाच्या चाचणीसाठी रुडास नावाची चाचणी आहे का विचारा. ती शिक्षणावर फारशी अवलंबून नाही.

झोपेची गोळी लिहून दिलीच, तर खोलीतून बाहेर पडण्याआधी चार प्रश्न: किती दिवसांसाठी? थांबवायची कशी? चालू औषधांशी पटते का? पडण्याचा धोका किती? पहिल्या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळालं पाहिजे.

## टप्पा ९: स्मृतिभ्रंश निघालाच, तर रात्रीची व्यवस्था

संध्याकाळी बेचैनी वाढणं या आजारात नेहमीचं आहे. ऊन उतरायच्या आतच दिवे लावा, घरातली गडबड कमी करा, वाद घालू नका. ‘मला घरी जायचंय’ म्हणत असतील तर ‘हेच घर आहे’ हे दहा वेळा सांगून उपयोग नसतो. हात धरून अंगणात एक चक्कर मारली की पुष्कळदा निवळतं.

रात्री उठून बाहेर पडण्याची तयारी धरा. पलंग ते शौचालय वाटेवर मंद दिवा, जमिनीवर काही पडलेलं नको, उंबरठ्यावर उजळ पट्टी. दाराला घंटा बांधा. विहीर, पाण्याची टाकी, चूल, विळे-कोयते यांची सोय आधी लावा. बाहेरून कुलूप घालून माणसाला आत कोंडू नका. आग लागली तर कुणीच पोहोचत नाही. खिशात नाव आणि घरच्यांचा नंबर असलेली चिठ्ठी शिवून ठेवा आणि शेजारच्या चार घरांना सांगून ठेवा. लपवण्यात धोका आहे.

शांत करण्यासाठी मानसिक आजारावरची काही औषधं दिली जातात. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत त्यांच्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला. कधीकधी ती लागतात, पण कमीत कमी मात्रेत, आणि पुन्हा तपासायची तारीख ठरवून.

राखण करणाऱ्याच्या झोपेचाही हिशेब ठेवा. एकच सून किंवा एकच म्हातारी बायको रोज रात्री जागत असेल, तर दोन महिन्यांत घरात दोन रुग्ण होतात. पाळ्या लावा, आठवड्यातल्या निदान दोन रात्री तिला दुसऱ्या खोलीत झोपू द्या. ती रात्र कोणाची, हे वहीच्या शेवटच्या पानावर नावानिशी लिहा. दर तीन महिन्यांनी चौदा दिवसांची नोंद पुन्हा, त्याच वहीत.